इतिहासाच्या एम.ए.ला मोडी सक्तीची करा

विद्यापीठांचे अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणानुसार बदलत आहेत. इतिहासाच्या एम.ए.ला मोडी लिपी सक्तीची करण्याची हीच वेळ आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, रुमालांत बांधलेले आहे. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, त्याला नव्वद वर्षे झाली. न छापलेले त्याहून कितीतरी जास्त आहेत. तरी मराठेशाहीवर प्रबंध लिहिणारे कित्येक विद्यार्थी छापील साधनांवरच थांबतात, कारण मूळ मोडी कागद त्यांना वाचता येत नाही.

चार दिवसांच्या कार्यशाळेने हे साधणार नाही. ओळभर सलग रेघ, तिच्याखाली जोडून लिहिलेली अक्षरे, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वर फारसी शब्द आणि सुहूर सन ही जुनी कालगणना. किमान दोन सत्रे हवीतच. परीक्षेत वर्णमाला विचारू नये. न पाहिलेले इनामपत्र किंवा महजर (सभेने दिलेला लेखी निवाडा) समोर ठेवून लिप्यंतर करायला सांगावे.

शिकवायला माणसे नाहीत, ही सबब पटत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना प्रशासनाने मोडीचे जाणकार मिळवलेच. विद्यापीठांनीही त्यांना योग्य मानधन देऊन बोलवावे.

— एक वाचक, सातारा