एका नगाचं काम कोणी घेईल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नाशकात काय बनत नाही सांगा, ओझरला सुखोई विमान जोडतात, नाशिकरोडला नोटा छापतात, सातपूर-अंबडला तर गाडीचा कुठला पार्ट बनत नाही ते शोधावं लागेल. पण तुम्ही एकच वस्तू घेऊन गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती नग?" आणि एक म्हटलं की समोरचा माणूस परत मोबाईलमध्ये बघायला लागतो. गेलं वर्षभर मी हे ऐकतोय म्हणून हे पत्र.

झालं असं की जुन्या नाशकातला आमचा वाडा गेल्या वर्षी उतरवला. उतरवला म्हणजे पावसाळ्यात स्वतःहून पडायच्या आत पाडला एवढंच. त्यातली सागाची एक तुळई भंगारच्या टेम्पोत चढलेली मी परत खाली उतरवून घेतली. भाऊ म्हणाला काय करणार, म्हटलं इलेक्ट्रिक गिटार. आई म्हणाली त्यापेक्षा पाट कर, निदान बसता तरी येईल.

मला करायची होती ती १९५० सालची फेंडर ब्रॉडकास्टर. अमेरिकेत फुलर्टन गावात लिओ फेंडर म्हणून रेडिओ रिपेअर करणारा माणूस होता, त्याला स्वतःला गिटार वाजवता यायची नाही, पण कारखान्यात भराभर कशी बनवायची ते बरोबर कळलं. पोकळ पेटी नाही, सरळ पावणेदोन इंच जाडीची फळी, आणि मान सरसानं चिकटवायच्या ऐवजी चार स्क्रूंनी आवळलेली, खराब झाली की काढा आणि दुसरी लावा. ब्रॉडकास्टर नावावर ग्रेच कंपनीनं हरकत घेतली कारण त्यांचे त्याच नावाचे ड्रम होते, म्हणून १९५१ मध्ये तिची टेलिकास्टर झाली. मधल्या काळात नुसतं फेंडर लिहिलेल्या ज्या गिटारी गेल्या त्यांना आज नोकास्टर म्हणतात आणि शौकीन लोक त्यासाठी वेडे पैसे मोजतात. आता गंमत बघा, हजारोंनी बनवायला सोपी म्हणून काढलेली गिटार आणि मला कारखान्यांच्या शहरात ती एक बनवून मिळेना.

पहिला फेरा अंबडला. सीएनसी राउटरवाल्यानं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीननं लाकूड कापून देणाऱ्यानं, ड्रॉइंग नीट बघितलं, मग म्हणाला शंभर असतील तर बोला. त्याचंही चुकत नाही, सेटिंगला दोन तास जाणार आणि काम वीस मिनिटांचं, शिवाय जुन्या तुळईत खिळा निघाला तर कटर त्याचा जाणार. (खिळे निघालेच, तीन. एका सुताराच्या रंध्याचं पातं गेलं, ते मी भरून दिलं.) शेवटी जिगसॉ आणि कानस घेऊन गॅलरीत बसलो. सागाला अंगचं तेल असतं, सांधा चिकटवायच्या आधी थिनरनं पुसलं नाही तर तो सुटतो, हे मला पहिला सांधा सुटल्यावर कळलं. बॉडी पावणेतीन किलोची झाली, खांदा दुखतो, पण ठीक आहे.

मानेला मूळ गिटारीत मेपल असतं, ते इथं कुठून आणणार, वखारीतून शिसव आणलं. खरी परीक्षा फ्रेटची, म्हणजे मानेवर खाचांत बसवायच्या आडव्या धातूच्या तारांची. वाजवायच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, तिला १७.८१७ नं भागलं की पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर येतो, मग उरलेल्या लांबीला परत १७.८१७ नं भागायचं, असं करत करत बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. हिशोब शाळेतला आहे, हात मात्र शाळेतला चालत नाही. साध्या हॅक्सॉनं खाच पाडली तर ती फ्रेटच्या तारेपेक्षा रुंद झाली आणि फ्रेट बोटानं उचलून हातात यायला लागले. पहिली मान अशी वाया गेली, तिचं आता आई पाटाला पाय करते म्हणते.

तारा टेकतात ते पितळेचे तीन तुकडे मात्र भांडी बाजारातल्या एका काकांनी समोर बसवून करून दिले, नग विचारला नाही. पिकअपचं, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाचं, पण तसंच. सहा अल्निको चुंबकं आणि भोवती केसासारखी बारीक तांब्याची तार, आपल्याकडच्या मापानं ४६ गेज, आठ हजार वेढे, म्हणजे एक किलोमीटरपेक्षा जास्त तार. मोटार रिवाइंडिंगवाला हसला, एवढी बारीक मी हातात पण धरत नाही म्हणाला, पण त्यानंच भद्रकालीतल्या कॉइलवाल्याकडे पाठवलं. तीन हजारावर तार तुटली, परत पहिल्यापासून. रात्री दुकान बंद झाल्यावर त्यांनी वेढे मोजायचा काउंटर लावून भरून दिलं आणि घेतला फक्त चहा. मीटरवर ७ किलोओहमच्या जवळपास आलं तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त खूश. नंतर आठवडाभर नुसती गुणगुण, कारण ब्रिजला, म्हणजे ते पितळेचे तुकडे बसतात त्या पट्टीला, अर्थची वायर जोडायची मीच विसरलो होतो.

तर मागणी एवढीच आहे. आयटीआयची वर्कशॉप रविवारी तरी बंदच असतात. तिथं तासाला फी घेऊन, एक निदेशक उभा करून, बँडसॉ, ड्रिल, लेथ सामान्य माणसाला वापरू द्या. सुरक्षेचं लिहून घ्या, डिपॉझिट घ्या, काय हवं ते घ्या. गिटारच कशाला, कुणाला आजोबांच्या सायकलचा न मिळणारा पार्ट हवा असेल, कुणाला प्रोजेक्टसाठी एकच गिअर. एमआयडीसीतल्या संघटनांनी महिन्यातला एक शनिवार एका नगासाठी ठेवला तरी चालेल, रांगेत पहिला मी असेन, कारण तुळईचा अर्धा तुकडा अजून गॅलरीत पडलाय आणि भाचीनं आत्तापासून रंग सांगून ठेवलाय.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक