चहावरचे तीन पेन्स

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एक पौंड चहावर तीन पेन्स कर आणि त्यापायी अमेरिकेत आठ वर्षं लढाई, हे गणित जुळत नाही असं तू लिहिलंस. खरंच जुळत नाही. म्हणून कराचा दर बाजूला ठेव. पैसा कोणाच्या हुकमाने गोळा होतो आणि त्यातून कोणाचा पगार निघतो, एवढंच बघत राहा.

१७६३ साली फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनवर सुमारे १३ कोटी पौंडांचं कर्ज होतं आणि अमेरिकेत १० हजारांच्या आसपास सैनिक ठेवायचे होते. त्यातला थोडा भार तिथल्या ब्रिटिश वसाहतींनी उचलावा, असं लंडनने ठरवलं. १७६४ च्या साखर कायद्याने परदेशी मळीवरची जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली. कर निम्मा झाला, तरी लोक खवळले. कारण सहा पेन्स कोणी भरतच नव्हतं. न्यू इंग्लंडमधल्या रमच्या भट्ट्या चोरट्या मळीवर चालायच्या. तीन पेन्स मात्र खरोखर वसूल व्हायला लागले. शिवाय पकडलेल्या मालाचा खटला ज्युरी नसलेल्या नाविक न्यायालयात चालवता येई आणि माल कायदेशीर आहे हे मालकानेच सिद्ध करायचं.

पुढच्या वर्षीचा मुद्रांक कायदा तुला चटकन समजेल, आपल्याला स्टॅम्प पेपरची सवय आहे. वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, जहाजांची कागदपत्रं, सगळ्याला शिक्क्याचा कागद. पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा शिलिंग, वकिलीच्या सनदेला दहा पौंड. म्हणजे छापखानेवाले, वकील आणि व्यापारी हे बोलके लोक सरकारने एकाच फटक्यात दुखावले. कागद विकायचे ते नेमलेल्या विक्रेत्यांनी, आणि कायद्याचा हाच सांधा कच्चा होता. १४ ऑगस्ट १७६५ ला बोस्टनमध्ये अँड्र्यू ऑलिव्हर या विक्रेत्याचा पुतळा झाडाला टांगला. त्याने पद सोडायचं कबूल केलं. मग इतर ठिकाणीही तेच झालं. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा तेरा वसाहतींत कागद विकायला जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने तो मागे घेतला. पण त्याच दिवशी, वसाहतींसाठी सर्व बाबतींत कायदे करण्याचा अधिकार आपलाच, असंही लिहून ठेवलं.

१७६७ चे टाउनशेंड कर (ब्रिटिश अर्थमंत्र्याच्या नावावरून) काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर होते. ते फार मोठे नव्हते. दुखणं होतं ते त्या पैशाच्या विनियोगात: गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार त्यातून द्यायचे होते. बहुतेक वसाहतींत गव्हर्नरचा पगार स्थानिक प्रतिनिधिसभा मंजूर करत असे. तो ऐकेना तर पगार अडवता येई. लोकांच्या हातात राजाच्या माणसाला वेसण घालायची हीच एक दोरी होती आणि ती कापली जात होती. माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला. १७७० मध्ये चहा वगळून बाकीचे कर रद्द झाले आणि बहिष्कार कोसळला. तो व्यापाऱ्यांच्या मर्जीवर होता. न्यूयॉर्कने अंग काढून घेतल्यावर शेजारी कशाला तोटा सोसतील?

१७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती. गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड चहा पडून होता. (दोन वर्षांच्या आत याच कंपनीचे मुंबईकर राघोबादादांशी सुरतेचा तह करून साष्टी-वसई मागणार होते.) नव्या कायद्याने ब्रिटनमधली जकात परत मिळाली आणि कंपनीला ठरावीक आडत्यांमार्फत थेट विक्रीची मुभा मिळाली. चहा स्वस्त झाला, पण अमेरिकेतले तीन पेन्स तसेच राहिले. स्वस्त चहा घेतला की करही मान्य केला, असा तो पेच होता.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातून चहाची जहाजं परत गेली. बोस्टनमध्ये अडकली. बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार होता आणि जकात भरल्याशिवाय गव्हर्नर हचिन्सन परतीचा परवाना देईना; त्याचे दोन मुलगेच चहाचे आडते होते. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. कंपनीने नुकसान ९,६५९ पौंड सांगितलं.

लंडनने बोस्टन बंदर बंद केलं, बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली आणि परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच, असा नियम केला. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात बारा वसाहतींची काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधींची सभा, भरली. १७७० च्या फजितीवरचा तिचा उपाय तू नीट वाच. १ डिसेंबरपासून आयात बंद. पण अंमल व्यापाऱ्यांकडे नाही, प्रत्येक काउंटीत आणि गावात मतदारांनी निवडलेल्या समितीकडे. त्यानंतर दोन महिन्यांत आलेला माल मालकाने परत पाठवावा, समितीच्या ताब्यात ठेवावा, नाहीतर विकायला द्यावा आणि नफा बोस्टनच्या गरिबांना जावा. नियम मोडणाऱ्याचं नाव छापायचं, त्याच्याशी व्यवहार तोडायचा. टंचाईचा फायदा घेऊन भाववाढ करायची नाही. निर्यातबंदी मात्र सप्टेंबर १७७५ पर्यंत पुढे ढकलली, व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्यांसाठी. अशा तडजोडीमुळेच करार टिकला.

या समित्या म्हणजे तयार होत असलेलं सरकारच. मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने ऑक्टोबरमध्ये गावोगावच्या वसुलीदारांना सांगितलं, की करवसुली राजाच्या खजिनदाराकडे भरू नका, आमच्या हेन्री गार्डनरकडे भरा. लोकांनी कर नाकारला नाही, तिजोरी बदलली. लढाईचा सरंजाम उभा करायचा तो याच तिजोरीतून. बंदुकीची दारू आणि तोफा बोस्टनजवळच्या काँकॉर्डला साठू लागल्या आणि १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ब्रिटिश सेनापती जनरल गेजने सुमारे ७०० सैनिक पाठवले ते हा साठा नष्ट करायला. पहाटे वाटेतल्या लेक्सिंग्टनला वसाहतीची आठ माणसं पडली आणि लढाई सुरू झाली.

तरीही स्वातंत्र्याचं नाव लगेच निघालं नाही. जुलैमध्ये काँग्रेसने राजाला विनंतीअर्ज पाठवला. तो न स्वीकारता तिसऱ्या जॉर्जने २३ ऑगस्टला वसाहतींना बंडखोर जाहीर केलं, डिसेंबरमध्ये पार्लमेंटने त्यांचा सगळा व्यापार बंद केला. परतीची वाट अशी दोन्हीकडून बुजली आणि ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा आला. त्यातल्या तक्रारींच्या लांबलचक यादीत संमतीविना कर ही एकच ओळ आहे. पगार राजाच्या हाती गेलेले न्यायाधीश, बरखास्त सभा, मोडलेल्या सनदा यांनी बाकीची जागा व्यापली आहे.

आणखी एक लिहितो आणि थांबतो. सप्टेंबर १७७४ मध्ये साडेचार हजारांवर माणसांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात राजाचं न्यायालय बंद पाडलं होतं. बारा वर्षांनी, सप्टेंबर १७८६ मध्ये, त्याच गावात शेतकऱ्यांनी पुन्हा न्यायालय बंद पाडलं. या वेळी कर त्यांच्याच निवडलेल्या सभेने बसवले होते, युद्धाचं कर्ज फेडण्यासाठी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत