ड्रोन घेताना आधी काम ठरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी जमीनमोजणीसाठी ड्रोन उडवतो. ‘कुठला ड्रोन घेऊ?’ असं विचारणारे बहुतेक जण मेगापिक्सेलवरच अडून बसतात, याचं वाईट वाटतं. पहिला प्रश्न हवा, तो काम काय याचा.

हौसेखातर, प्रवासातल्या चित्रीकरणासाठी २५० ग्रॅमच्या आतला घडीचा ड्रोन पुरतो. बऱ्याच देशांत या वजनाला नियमही सौम्य आहेत. जोराच्या वाऱ्यात मात्र त्याची दमछाक होते.

मोजणीचं तसं नाही. रोलिंग शटरचा कॅमेरा चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. तेवढ्यात ड्रोन पुढे सरकलेला असतो, त्यामुळे फोटोतल्या आकृत्या किंचित ताणल्या जातात. असे शेकडो फोटो जोडून नकाशा केला की ती चूक नकाशात मुरते. म्हणून इथे मेकॅनिकल शटरच हवं. जोडीला आरटीके, म्हणजे उपग्रहावरून मिळालेलं स्थान उडतानाच दुरुस्त करणारी सोय, असेल तर काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते. तरीही तपासणीसाठी जमिनीवर खुणा मांडाव्यातच, या बाबतीत मी हट्टी आहे.

पिकाची तब्येत पाहायची तर डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाशही टिपणारा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा लागतो. फवारणीचा ड्रोन ही तर वेगळीच जात. शर्यतीचा एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दृश्य चष्म्यात पाहत उडवायचा ड्रोन, घेणाऱ्यांनी आधी सिम्युलेटरवर हात बसवावा.

आणि जाहिरातीतली उड्डाणाची वेळ वारा नसतानाची असते. परतीपुरतं चार्जिंग राखायचं तर प्रत्यक्षात बरीच कमी मिळते. तेव्हा जादा बॅटऱ्यांचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

आपला,
एक ड्रोनचालक