नाण्याला कडी लावण्याआधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात आपल्या अंकात सोन्याच्या दराशेजारी १९३३ सालच्या अमेरिकन वीस डॉलरच्या नाण्याची छोटी चौकट होती. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना गेलं, हे ठळक अक्षरांत होतं. नाण्याचं चित्र मात्र नव्हतं. म्हापशात चाळीस वर्षं सोनारकाम केलेल्या माणसाला ते खटकलं, म्हणून हे पत्र.

ती किंमत दुर्मीळतेची आहे. त्या वर्षी ४,४५,५०० नाणी पाडली, पण त्याच साली अमेरिकेने सोन्याचं चलन थांबवलं, आणि ती बाहेर न येताच जवळपास सगळी वितळवली गेली. त्यावरचं चित्र मात्र दुर्मीळ नाही. तेच चित्र १९२४ च्या नाण्यावर आहे, आणि त्या साली ती चाळीस लाखांहून जास्त पाडली होती. म्हणजे लिलावातल्या नाण्यावरची कारागिरी आपल्या बार्देश तालुक्यातल्या एखाद्या तारवटीच्या, म्हणजे जहाजावर काम केलेल्या खलाशाच्या घरी, कपाटातल्या डबीतही असू शकते.

माझ्याकडे ते तसंच आलं. बोटीवर आयुष्य काढलेले एक गृहस्थ नातीच्या पाटल्यांसाठी १९२४ चं नाणं मोडायला घेऊन आले. वजन ३३.४ ग्रॅम, पावणेतीन तोळ्यांहून थोडं जास्त. दहा भागांत नऊ भाग सोनं, उरलेलं तांबं, त्यामुळे अंगाला तांबूस झाक. शेगडी पेटलेली होती. सवयीने भिंग लावलं आणि हात थांबला. उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात ऑलिव्हची फांदी घेतलेली स्वातंत्र्यदेवी समोरून चालत येते आहे. वारा तिच्या केसांत आहे, वस्त्र पायांना चिकटलं आहे, मागे सूर्याचे किरण आणि खाली डाव्या कोपऱ्यात इवलंसं संसदभवन. पालथं केलं तर उगवत्या सूर्यावरून उडणारा गरुड. एवढंच नव्हे, नाण्याच्या जाडीवरसुद्धा अक्षरं आणि तारे. मी ठसे खोदलेले आहेत. चालणारी आकृती एवढ्याशा जागेत, एवढ्या कमी उठावात जिवंत ठेवणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

हे चित्र ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराचं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आपल्या देशाची नाणी कुरूप वाटत. जुन्या ग्रीक नाण्यांसारखा भरघोस उठाव हवा, असा त्यांनी आग्रह धरला. शिल्पकार तेव्हा कर्करोगाने आजारी होता. टांकसाळीचे मुख्य खोदकार चार्ल्स बार्बर म्हणत होते की एवढा उठाव एका दाबात उमटणार नाही. ते खरंच होतं. १९०७ ची उंच उठावाची नाणी पुन्हा पुन्हा दाबून काढावी लागली. तशी बारा हजारांच्या आसपास निघाली, मग उठाव कमी करावा लागला. शिल्पकार त्याच वर्षी ३ ऑगस्टला गेला. चलनात आलेलं आपलं नाणं त्याने पाहिलंच नाही. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

पाटल्यांसाठी मी दुसरं सोनं सुचवलं. त्या गृहस्थांनी ऐकलं, नाणं घरी परत गेलं.

आता माझी चूक सांगतो. त्याच्या बऱ्याच आधी एका बाईंनी १९०८ चं पाच डॉलरचं नाणं पदकासाठी आणलं होतं. बेला प्रॅट या शिल्पकाराने त्यावर अमेरिकेतल्या मूळनिवासी पुरुषाचं मस्तक काढलं आहे, आणि ते वर उठवलेलं नाही. सपाटीच्या खाली, नाण्याच्या पोटात उतरवलेलं आहे. तशी रीत मी दुसऱ्या कुठल्याच नाण्यावर पाहिली नव्हती, तरी थांबलो नाही. वरच्या कडेला डाक देऊन, म्हणजे आगीवर धातू वितळवून सांधा मारून, कडी जोडली, आम्लात धुतलं, वर चकाकीही दिली. आगीने वरची अक्षरं बुजली. डोक्यावरच्या पिसाऱ्याच्या बारीक रेषांवर ब्रशाने नवे ओरखडे आले. बाई खूश होऊन गेल्या. त्या कडीची आठवण मला आजही सलते.

नाणं गळ्यात घालण्याची आपली हौस जुनी आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याची आपण पुतळी केली आणि तिची माळ ओवली. ती हौस मोडा, असं मी म्हणत नाही. पण डाक न देताही पदक होतं. नाण्याच्या मापाची सोन्याची चौकट करावी, तिला चार बारीक पंजे ठेवावेत, कडी चौकटीला जोडावी. नाण्याला आग लागत नाही, उद्या काढलं तर ते जसंच्या तसं हातात येतं. मजुरी थोडी जास्त पडते, एवढंच. उजळायला तर कुणालाही देऊ नये. शंभर वर्षांत चढलेली झाक एकदा गेली की परत येत नाही.

माझ्या धंद्यातल्या तरुणांना विनंती आहे की परदेशी नाणं मुशीत टाकण्याआधी पाच मिनिटं भिंगाखाली धरा, आणि गिऱ्हाइकालाही त्यातून बघू द्या. आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा नाण्याच्या दोन्ही बाजूंचं चित्र छापा, तेही तळहाताएवढं मोठं.

आपला,
एक निवृत्त सोनार, म्हापसा