पंपावरच्या दादांना, एका जॉबर मामाकडून

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

सर्जन साहेबांचे आभार मानून झाले. आयसीयूतल्या सिस्टरांना पेढे पोचले. भूल देणाऱ्या मॅडमना आमच्या मंडळींनी जिन्यात गाठून नमस्कार केला. तुम्ही मात्र कुणाच्याच यादीत नव्हता. पर्फ्युजनिस्ट म्हणजे काय, हे आमच्या घरात मी सोडून कुणाला ठाऊक नाही. ऑपरेशनात माझं हृदय बंद ठेवलं होतं तेवढा वेळ हार्ट-लंग मशीनच्या पंपाने अंगात रक्त खेळतं ठेवणारे तुम्ही. म्हणून हे जाहीर पत्र.

वाचणाऱ्यांसाठी आजार थोडक्यात सांगतो. महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते, ती कॅल्शियम साठून कडक झाली होती. जिना चढलं की छाती दाटून यायची. एकदा अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मागाजवळच चक्कर येऊन खाली बसलो. झडप बदलायचं ठरलं, तर त्याआधीच्या अँजिओग्राफीत हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज निघाले. मग छाती एकदाच उघडून दोन्ही कामं उरकायची ठरली. एका बायपासला छातीच्या आतलीच धमनी, दुसऱ्याला पायातली शीर. पैशाचं महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून जमलं.

आदल्या संध्याकाळी तुम्ही उंची-वजन विचारायला आलात. "कागदावर लिहिलंय की," मी म्हणालो. "मामा, मिनिटाला किती लिटर रक्त फिरवायचं ते यावरच काढतो आम्ही," तुम्ही म्हणालात. माझ्या मापाला साधारण साडेचार लिटर. झालं, माझं तोंड सुटलं. मी जॉबर, जन्म यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, मशीन म्हटल्यावर गप्प कसा बसणार?

"आणि लाइट गेली तर ओ?"

मेव्हण्याने डोळे वटारले. पण सोलापुरात लाइट जाणं म्हणजे काय, ते मागवाल्यालाच विचारा. आडवा धागा नेणारा धोटा जिथल्या तिथे अडकतो, लाइट आली की तुटलेले धागे जोडत बसायचं. कापडाचं ठीक आहे, माणसाचं काय? तुम्ही हसला नाहीत. खुर्ची ओढून बसलात. आधी दवाखान्याचा जनरेटर, शिवाय मशीनची स्वतःची बॅटरी, आणि दोन्हींनी दगा दिला तर हँडल. पंपातला रूळ प्लास्टिकच्या नळीला दाबत रक्त पुढे ढकलतो, तोच रूळ हाताने फिरवायचा. कुठल्या दिशेने, किती वेगाने, हेसुद्धा तुम्ही हवेत हात फिरवून दाखवलंत. उलटा फिरवून चालत नाही, हे तर तुम्ही दोनदा सांगितलंत. त्या रात्री मला झोप लागली ती त्या हँडलमुळे. गोळीही दिली होती म्हणा.

हृदय आपोआप बंद पडत नाही, पोटॅशियमचं थंड द्रावण सोडून ते मुद्दाम थांबवतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि 1953 साली फिलाडेल्फियात डॉ. गिबन यांनी 18 वर्षांच्या एका मुलीला असल्या मशीनवर 26 मिनिटं ठेवून तिच्या हृदयातलं छिद्र शिवलं, ती गोष्ट मी आता कारखान्यात सगळ्यांना ऐकवून कंटाळा आणलाय.

माशाची गंमत सांगायलाच हवी. "माशाची ॲलर्जी आहे का?" असं विचारलंत. मी माळकरी, मासा कधी ताटात आला नाही, मला काय ठाऊक! तेव्हा तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत की मशीनवर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि काम संपल्यावर त्याचा अंमल उतरवायला प्रोटामाइन, ते माशापासून काढतात. दुसऱ्या कुणी मला वाईट वाटेल म्हणून हे गाळलं असतं. मी म्हणालो, पांडुरंग एवढं चालवून घेईल. पण विचारलंत, सांगितलंत, ते बरं केलंत.

आता ठीक आहे. उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड, तारेने बांधलेली, त्यामुळे ओझं उचलणं आणि गाडी बंद होती, ती आता सुरू झाली. झडप धातूची, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि रक्त किती पातळ आहे ते बघणारी आयएनआरची तपासणी ठरल्या दिवशी. मेथी-पालक सोडली नाही, पण दर आठवड्याला सारख्याच मापात. झडपेच्या कडेला टाके घ्यायला पॉलिस्टरचं कापड असतं, हे कळल्यावर ते कुणी विणलं असेल याचा शोध मी अजून घेतोय. आमच्या इथलं नसणार, पण कापडवाल्याला उगाच बरं वाटलं.

आता एकच विचारायचं राहिलंय. घरची मंडळी म्हणतात, त्या दिवशी दुपारी बाहेरच्या व्हरांड्यातले पंखे थोडा वेळ बंद पडले होते. खरं सांगा दादा, आत बॅटरीवर निभावलं, की हँडल काढावं लागलं?

तुमचा,
जॉबर मामा, सोलापूर