कोलाला इंग्रजी कळत नाही : रविवारच्या इग्बो वर्गासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आमच्या, म्हणजे नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या इथल्या कुटुंबांच्या, मंडळाचा इरी जी, म्हणजे नव्या कंदाचा सण, साजरा झाला. आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर काकांसमोर कोलाची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाची कडवट, बी ठेवलेली ताटली आली. इग्बो घरात पाहुण्यापुढे आधी कोला येतो, जसं आपल्याकडे पूर्वी पानसुपारीचं तबक यायचं. ताटली एकेका वडीलधाऱ्यापुढून फिरून परत काकांकडे आली आणि त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं हाच शब्द त्याला शोभतो. कोकणात दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तसं इथे सगळ्यांनी ‘इसे’ म्हणायचं असतं. पुरुषांचा आवाज घुमत होता. मुलं मात्र गप्प होती. माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं माझा पदर ओढून विचारलं, “आई, आता म्हणायचं का?” मला सांगता आलं नाही, कारण वाक्य कुठे संपलं ते मलाही कळलं नव्हतं.

इग्बो लोक म्हणतात, ‘ऑजी अनाघी अनू बेके.’ कोलाला इंग्रजी कळत नाही. कोला हातात घेऊन जे मागायचं, ते इग्बोतच मागायचं. आमच्या मुलांना मराठी येतं, हिंदी येतं, शाळेचं इंग्रजी येतं. कोलाशी बोलायची भाषा तेवढी त्यांना येत नाही. हे आवाहन त्यासाठी आहे.

वसई ते मीरा रोड या पट्ट्यातल्या इग्बो कुटुंबांचं हे मंडळ. अनाम्ब्रा, इमो, एनुगू, एबोनी आणि अबिया ही नायजेरियाच्या आग्नेयेकडची पाच राज्यं म्हणजे मुख्य इग्बो मुलूख. तिथून आलेले आमचे नवरे इथे तयार कपडे विकत घेऊन लागोसला माल पाठवतात. आम्ही बायका बहुतेक इथल्याच. मी वसईची. माझी आजी कादोडी बोलायची. मला ती समजते, पण बोलताना मराठी शब्द आधी तोंडात येतात. आजीची बोली अशी एका पिढीत निसटताना मी पाहिली आहे. मुलांच्या वडिलांची भाषाही त्याच वाटेनं गेलेली मला बघवणार नाही. घरात आम्ही नवरा-बायको एकमेकांशी इंग्रजीत बोलतो, आणि इग्बो उरते ती फक्त यांच्या फोनवर.

इग्बो माणूस गाव सोडतो तेव्हा गावाची बैठक बरोबर घेऊन जातो. त्यांच्या भावकीला उमुन्ना म्हणतात. लागोस, पोर्ट हार्कोर्ट, कानो अशा शहरांत पोटासाठी गेलेल्या भावकीनं गावागावांचे संघ काढले आणि वर्गणीतून गावात शाळा बांधल्या, रस्ते केले, हुशार मुलांना शिकायला पाठवलं. गिरणगावच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहून कोकणातली शाळा आणि देऊळ उभं करणारी आपली गावमंडळं आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. 1944 साली अशा संघांचा लागोसमध्ये महासंघ झाला. पुढे 1967 ते 1970 बियाफ्राचं, म्हणजे नायजेरियातून वेगळं होऊ पाहणाऱ्या या पूर्वेकडच्या मुलखाचं, युद्ध झालं. लाखो माणसं गेली, त्यात उपासमारीनं दगावलेली मुलं किती तरी. युद्ध संपल्यावर बँकेत कितीही शिल्लक असली तरी हातावर फक्त 20 पौंड ठेवले गेले. तिथून ही माणसं पुन्हा उभी राहिली ती एकमेकांना धरून. म्हणून आमच्या मंडळात वर्गणी चुकवणं फार लाजिरवाणं मानतात.

मग आमच्याकडे हात का पसरता, असं कुणी विचारेल. मंडळाच्या पैशावर पहिला हक्क असतो तो गेलेल्या माणसाचा. इग्बो माणसाला स्वतःच्या घराच्या आवारात पुरलं जायचं असतं. इथे कुणी वारलं तर देह गावी पाठवण्याचा खर्च मंडळ उचलतं. मग आजारपणं. मुलांच्या वर्गाची पाळी या सगळ्यानंतर येते, आणि कित्येक महिने येतच नाही.

वर्गात सध्या 21 मुलं आहेत. रविवारच्या प्रार्थनेनंतर दोन तास. आधी तो एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरायचा. एके दिवशी किल्ली परत मागितली. “तुमची माणसं आली की बाकीच्यांना भीती वाटते,” असं सांगण्यात आलं. त्या वेळी मुलं दारातच उभी होती, आणि त्यांना मराठी उत्तम कळतं. तेव्हापासून वर्ग आमच्यातल्याच एकाच्या बैठकीच्या खोलीत भरतो. तिथे 21 मुलं मांडी घालून कशीबशी मावतात, पण वाजवता-नाचता काही येत नाही. आणि इग्बो शिकायची तर कानानं आणि अंगानंच शिकावी लागते.

एक उदाहरण देते. ‘अक्वा’ हा एकच शब्द घ्या. दोन्ही स्वर उंच म्हटले तर रडणं, पहिला उंच आणि दुसरा खाली तर कापड, पहिला खाली आणि दुसरा उंच तर अंडं, दोन्ही खाली तर पलंग. मुलं हे खेळासारखं पटकन उचलतात. आम्ही आया मात्र अंडी मागायला जाऊन कापड मागतो. आम्हालाही शिकता यावं म्हणून देवनागरीतून इग्बोची एक पुस्तिका करायला घेतली आहे. इग्बो रोमन अक्षरांत लिहितात. 1961 साली ठरलेल्या ऑन्वू लेखनपद्धतीत 36 अक्षरं आहेत आणि त्यांतल्या काहींना टिंब असतं. खाली टिंब असलेल्या ‘ओ’ला आपला ‘ऑ’ चपखल बसतो. ‘ग्ब’ म्हणताना ग आणि ब एकाच झटक्यात, ओठ मिटून उघडत म्हणायचे असतात. म्हणून ‘इग्-बो’ नव्हे, ‘इ-ग्बो’. स्वरांच्या चढउताराचं कोडं बरेच दिवस सुटेना. मग आमच्यातल्या एकीला वेदांच्या पोथीत अक्षराखाली असते ती आडवी रेघ आठवली. अनुदात्त! आवाज खाली न्यायची खूण आपल्या लिपीत कधीचीच आहे. आता आमच्या वहीत रडणं ‘अक्वा’, कापड ‘अक्वा॒’, अंडं ‘अ॒क्वा’ आणि पलंग ‘अ॒क्वा॒’ असं लिहिलेलं आहे. त्या दिवशी आम्हाला झालेला आनंद सांगता येणार नाही. मात्र ही रेघ छपाईच्या टंकात नीट उमटत नाही, सरकते किंवा गायब होते. डीटीपीचं काम जाणणारं कुणी महिनाभर वेळ देऊ शकलं तर पुस्तिकेचं घोडं गंगेत न्हाईल.

पुस्तिकेत वारांचं एक पान आहे. इग्बो आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिए, आफॉ, न्क्वॉ. ही बाजाराच्या दिवसांची नावं. एकेच्या दिवशी जन्मलेला तो ओकेके, आफॉच्या दिवशीचा ओकाफॉ. असे सात आठवडे झाले की 28 दिवसांचा महिना. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर बुध्या, सोम्या, शुक्र्या अशी नावं आहेतच, त्यामुळे इथल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. कोलाच्या बीला चार पाकळ्या निघाल्या की वडीलधारे याच चार दिवसांची नावं घेतात.

सणाचंही तसंच. तिकडे इरी जी साधारण ऑगस्टपासून पुढे, कंद निघू लागले की होतो. आपल्या बाजारात कोनफळ थंडीत येतं, म्हणून आमचा सण डिसेंबरात. हे कोनफळ म्हणजे तिकडचं ‘जी अबाना’च, एकच कंद. पहिल्या वर्षी गावाहून आलेल्या एका पाहुण्यानं वसईच्या बाजारात कोनफळाचा ढीग पाहिला आणि तो तिथेच उभा राहिला. त्यानं एक कंद उचलून नखानं खरवडला, नाकाशी धरला आणि भाजीवाल्या मावशींना भाव न विचारताच पैसे दिले. एगुसीचं, म्हणजे तिकडच्या कलिंगडासारख्या फळाच्या बियांचं, कालवण आम्ही किराणा दुकानातल्या मगज बियांचं करतो. भेंडी तर दोन्हीकडची. तिचं इंग्रजी नाव ‘ओक्रा’ हे इग्बोतल्या ‘ऑक्वूरू’वरूनच आलं आहे.

वाद्यांत आम्हाला ‘उडू’ हवा आहे. हा मातीचा घडा. त्याच्या पोटाला एक जादा भोक असतं. त्यावर तळवा आपटला की आतून खोल, पाण्यासारखा आवाज येतो. तो परंपरेनं बायकांनी वाजवायचा. मी एका कुंभारदादांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, “ताई, भोक पाडलं तर पाणी राहील कसं?” घडा वाजवायला हवा आहे हे कळल्यावर त्यांनी दोन करून दिले, पण भाजताना दोन्ही त्या भोकापाशीच तडकले. दादा पुन्हा करायला तयार आहेत. ज्यांना घट घडवण्याचा अनुभव आहे, त्यांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या तर फार उपकार होतील.

सर्वांत घाईचं काम आज्यांचं आहे. मुलांच्या तिकडच्या आज्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. म्बे नावाच्या लबाड कासवाच्या गोष्टी, चांदण्यात म्हणायची गाणी, कुळाची नावं, युद्धातल्या उपासाच्या आठवणी, सगळं त्यांच्यापाशी आहे. त्यांना इंग्रजी बेताचं, नातवंडांना इग्बो नाही. व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडून नुसतं हसणं आणि हात हलवणं होतं. या आज्यांचे आवाज नीट ध्वनिमुद्रित करून, शब्द न् शब्द उतरवून ठेवायचा आहे. आम्ही हे ठरवल्यापासून दोन आज्या गेल्या.

आता पैशाचं. वर्षभर दर रविवारी जागेचं भाडं 60 हजार रुपये, पुस्तिकेच्या 300 प्रतींची मांडणी आणि छपाई 45 हजार, ध्वनिमुद्रणाची साधनं 15 हजार. एकूण 1 लाख 20 हजार. त्यांपैकी 38 हजार मंडळातच जमले आहेत. उरलेल्या 82 हजारांसाठी आपल्यापुढे पदर पसरते. देणगी मंडळाच्या खात्यातच भरावी आणि पावती घ्यावी. कुणाच्याही हाती रोख देऊ नये. देणगीवर आयकरात सवलत मिळण्याची सोय आमच्याकडे नाही, हे आधीच सांगते. परदेशी देणगी घेण्याची परवानगीही नाही, तेव्हा परदेशी नागरिकांनी किंवा तिथल्या संस्थांनी पैसे पाठवू नयेत. तिथे राहणाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या इग्बो कुटुंबाकडून मुलांची गाणी, गोष्टी मिळवून द्याव्यात. खर्चाचा हिशोब दर तीन महिन्यांनी वर्गाच्या भिंतीवर लागेल.

पैशापेक्षाही जागा मिळाली तर आम्ही जास्त ऋणी राहू. एखादं समाजमंदिर, चर्चचा हॉल, शाळेचा रविवारी रिकामा असलेला वर्ग. भाडं देऊ, झाडून-पुसून किल्ली परत करू, संध्याकाळी सहाच्या आत वाद्यं बंद होतील. जागा देणाऱ्यांनी आधी येऊन आमचा वर्ग जरूर पाहावा. इग्बोत म्हणतात, ‘एग्बे बेरे, उगो बेरे’: फांदीवर घारही बसो, गरुडही बसो.

यंदाचा इरी जी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी बारा वाजता आहे. जागा ठरली की कळवूच. दारात मुलं ‘न्नॉ’ म्हणून स्वागत करतील. या सहकुटुंब, आणि आपल्या वाडीत कोनफळ निघालं असेल तर एखादं घेऊन या; चुलीवर पहिलं तेच भाजू.

आपली नम्र,
सचिव, मंडळाच्या वतीने