फोर्डची पहिली गाडी आणि डॉज बंधूंचे वर्कशॉप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी मोटार उद्योगाच्या इतिहासावर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि मराठीत या विषयावर फार कमी येते, म्हणून लेखकाचे मनापासून आभार. परंतु त्यात हेन्री फोर्ड यांना जवळजवळ संपूर्ण पान मिळाले आणि डॉज या अमेरिकी मोटारींच्या नावाच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले, तेही दणकट इंजिनाच्या, वेगाची हौस असणाऱ्यांच्या गाड्या, एवढ्याच अर्थाचे. हे वाचून मला राहवले नाही. मी भोसरीत आणि नंतर चिंचवडमध्ये ३५ वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याला लागणारे साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागात, काम केले, त्यातली बहुतेक वर्षे मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत गेली. डॉजची कथा ही मुळात अशाच एका वर्कशॉपची कथा आहे, आणि तेवढाच भाग लेखातून गळलेला आहे.

जॉन डॉज यांचा जन्म १८६४ चा आणि धाकटे होरेस १८६८ चे, मिशिगन राज्यातील नाइल्स या गावचे. वडिलांची ओतशाळा व यंत्रशाळा होती, त्यामुळे लोखंडाशी दोघांची ओळख लहानपणापासूनच झाली. डेट्रॉइटला आल्यावर त्यांनी आधी बॉयलरच्या कारखान्यात नोकरी केली, पुढे नदीपलीकडे कॅनडातील विंडसर येथे यंत्रकाम केले. होरेस यांनी सायकलसाठी धूळ आत न शिरणारे बॉल बेअरिंग तयार केले आणि त्याचे पेटंट १८९६ मध्ये घेतले. विसावे शतक सुरू होताना दोघांनी डेट्रॉइटमध्ये स्वतःचे वर्कशॉप थाटले. होरेस यंत्रावरचे, जॉन व्यवहारातले. दोघांपैकी एकाच्याच नावाने आलेले पत्र ते न उघडता परत पाठवत, अशी आठवण सांगितली जाते. नाव होते 'डॉज ब्रदर्स', आणि ते तसेच लिहिले गेले पाहिजे असा त्यांचा हट्ट होता.

१९०१ च्या मार्चमध्ये डेट्रॉइटमधील मोटारी बनवणाऱ्या ओल्ड्‌स कंपनीचा कारखाना आगीत जळाला आणि तिला सुटे भाग बाहेरून करून घेणे भाग पडले. त्या गर्दीत डॉज बंधूंना गिअरबॉक्सचे मोठे काम मिळाले आणि त्यांच्या कामाचा बोलबाला झाला. आज आपण ज्याला जॉबवर्क म्हणतो तेच हे काम. ठरलेल्या मापाचा, एकमेकांशी तंतोतंत जुळणारा भाग हजारोंच्या संख्येने वेळेवर देणे, ही गोष्ट त्या काळी डेट्रॉइटमध्ये फार थोड्यांना जमत होती.

आता फोर्ड यांच्याकडे येऊ. १९०३ पूर्वी त्यांच्या नावाशी जोडलेल्या दोन कंपन्या होऊन गेल्या होत्या. पहिली बुडाली आणि दुसरीतून ते स्वतःच बाहेर पडले. अशा माणसाचे काम हाती घेण्यासाठी ओल्ड्‌ससारखे खात्रीचे गिऱ्हाईक सोडायचे, हा निर्णय किती धाडसाचा होता हे ज्याने कधी एका मोठ्या कंपनीच्या ऑर्डरवर वर्कशॉप चालवले आहे त्यालाच कळेल. डॉज बंधूंनी तो घेतला. फेब्रुवारी १९०३ च्या करारानुसार त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स व अ‍ॅक्सल बसवलेल्या ६५० चॅसी, म्हणजे बॉडीखालचे सांगाडे, प्रत्येकी २५० डॉलरला देण्याचे मान्य केले. बॉडी एका बग्गी बनवणाऱ्या कारखान्यातून येई, चाके व टायर आणखी तिसरीकडून, आणि मॅक अ‍ॅव्हेन्यूवरील भाड्याच्या जागेत फोर्ड यांचे मोजके कामगार हे सारे एकत्र जोडून गाडी गिऱ्हाइकाकडे रवाना करत. त्या वर्षीच्या जुलैमध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या बँकखात्यात जेमतेम २२३ डॉलर शिल्लक होते. मालाचे पैसे द्यायला रोकड नव्हती, म्हणून डॉज बंधूंनी माल उधारीवर दिला आणि १०,००० डॉलरच्या बदल्यात कंपनीचा दहावा हिस्सा घेतला.

सांगायचे ते एवढेच की, ज्या गाडीला आपल्या लेखात फोर्डची पहिली गाडी म्हटले आहे तिचा यंत्राचा जवळजवळ सगळा भाग डॉज बंधूंच्या वर्कशॉपमध्ये तयार झाला होता. हेन्री फोर्ड यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. आराखडा त्यांचा होता, स्वस्त गाडीची कल्पना त्यांची होती, आणि पुढे १९१३ मध्ये हायलँड पार्क येथे सरकती जुळणी (असेंब्ली लाइन) उभी राहिली तिचे श्रेय त्यांच्या माणसांचे आहे. परंतु त्याआधीची दहा वर्षे फोर्डच्या गाड्यांच्या पोटात डॉजचे गिअर फिरत होते, आणि याची नोंद न करता इतिहास लिहिणे मला अन्यायाचे वाटते.

१९१० मध्ये बंधूंनी डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमक येथे नवा कारखाना सुरू केला. त्याच सुमारास फोर्ड अधिकाधिक भाग स्वतःच्या छताखाली बनवू लागले. एकाच गिऱ्हाइकावर संपूर्ण कारखाना अवलंबून असण्याचा धोका जॉन यांनी ओळखला आणि १९१३ मध्ये पुरवठा थांबवण्याची आगाऊ सूचना देऊन फोर्डच्या संचालकपदाचा राजीनामा दिला. मी स्वतः एका मोठ्या कंपनीने एका पत्राने ऑर्डर बंद केल्यावर ४० माणसांचे वर्कशॉप सहा महिन्यांत बंद पडलेले पाहिले आहे, त्यामुळे या निर्णयाबद्दल मला विशेष आदर वाटतो.

१४ नोव्हेंबर १९१४ रोजी पहिली डॉज गाडी तयार झाली. तिची किंमत ७८५ डॉलर, म्हणजे फोर्डच्या मॉडेल टीपेक्षा बरीच अधिक होती. पण त्या पैशात काय मिळत होते ते पाहावे. मॉडेल टीचे इंजिन २० अश्वशक्तीचे, दोन गिअरचे आणि हँडल मारून सुरू करायचे. डॉजचे इंजिन ३५ अश्वशक्तीचे, गिअर तीन, विजेवर सुरू होणारे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिची बॉडी लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली नसून पूर्णपणे पोलादी होती. ती फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कारखान्यात दाबयंत्रावर, म्हणजे प्रेसवर, तयार होई. लाकडी बॉडी खड्ड्यांतून चालून चालून सांध्यांत ढिली पडते आणि पावसाने फुगते, हे दोन्ही दोष पोलादी बॉडीने एकदम संपवले. नवी गाडी येणार ही बातमी पसरली तेव्हा ती प्रत्यक्ष पाहण्याआधीच हजारो विक्रेत्यांनी एजन्सीसाठी अर्ज केले होते. गाडी त्यांनी पाहिली नव्हती, पण हाताचे काम त्यांना ठाऊक होते.

डॉजच्या जाहिरातींनी ज्या एका शब्दावर भर दिला त्याला मराठीत मी 'भरवसा' म्हणेन. हा भरवसा जाहिरातीपुरता नव्हता. १९१६ मध्ये अमेरिकी सेनानी जनरल पर्शिंग यांच्या मेक्सिकोतील मोहिमेत डॉज गाड्या होत्या, आणि त्या मेमध्ये तरुण लेफ्टनंट जॉर्ज पॅटन यांनी तीन डॉज गाड्यांतून एका रँचवर छापा घातला. अमेरिकी सैन्याने मोटारीतून केलेली ही पहिली लढाई मानली जाते. पुढे १९२० च्या दशकात रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या शास्त्रीय मोहिमा डॉज गाड्या घेऊन मंगोलियाच्या गोबी वाळवंटात उतरल्या. तिथे रस्ते नव्हते, आणि पेट्रोल उंटांच्या तांड्यांवर लादून आधी पुढे पाठवावे लागे. १९२३ मध्ये डायनोसॉरची अंडी जगासमोर आली ती याच मोहिमेतून. जिथे गाडी बंद पडली तर माणूस वाचण्याची खात्री नाही, अशा ठिकाणी लोक कोणती गाडी नेतात, याहून मोठे प्रमाणपत्र मला तरी माहीत नाही.

फोर्ड कंपनीतील आपला हिस्सा मात्र डॉज बंधूंनी सोडला नव्हता. १९१६ मध्ये हेन्री फोर्ड यांनी भागधारकांचा विशेष लाभांश थांबवला. तो पैसा नव्या रिव्हर रूज कारखान्यात घालायचा आणि गाडीची किंमत ४४० वरून ३६० डॉलरवर आणायची, असा त्यांचा विचार होता. डॉज बंधू कोर्टात गेले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये १ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक लाभांश वाटण्याचा आदेश कायम ठेवला, मात्र कारखान्याच्या विस्ताराला घातलेली बंदी उठवली. हा खटला आजही कंपनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. येथे मी डॉज बंधूंची बाजू संपूर्णपणे घेऊ शकत नाही. गाडी स्वस्त करण्यात लोकांचे हित होते; पण फोर्ड यांच्या मनात त्याबरोबर प्रतिस्पर्ध्याची रसद तोडण्याचाही हेतू होता, असे अभ्यासकांचे मत आहे आणि ते मला पटते. १९१९ मध्येच फोर्ड यांनी डॉज बंधूंचा हिस्सा २ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतला.

त्यानंतर वर्षभरात सारेच बदलले. जानेवारी १९२० मध्ये जॉन न्यूमोनियाने गेले आणि डिसेंबरमध्ये होरेस. दोघांच्या विधवांनी १९२५ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या एका बँकिंग संस्थेला १४ कोटी ६० लाख डॉलरला विकली आणि १९२८ मध्ये ती वॉल्टर क्रायस्लर यांच्याकडे आली. क्रायस्लर यांची कंपनी तेव्हा नवी होती. डॉजच्या ओतशाळा, कारखाना आणि विक्रेत्यांचे जाळे मिळाल्यामुळेच ती फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या बरोबरीला उभी राहू शकली.

याच क्रायस्लरशी करार करून सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या व फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. ज्या मिस्त्रींनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवले ते तरुणपणी कुर्ल्यात काम करून आलेले होते. फार्गोचा गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवताना शिम, म्हणजे फट भरणारी पातळ चकती, किती जाडीची लागेल हे ते बोटाने सांगत, आणि नंतर मापून पाहिले तर ते बरोबर निघे. प्रीमियरची पद्मिनी मोटार सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण तो कारखाना आधी डॉजच्या मापांवर शिकला, हे आमच्या पिढीतही फार थोड्यांना माहीत होते.

आता वेगाबद्दल. १९६६ ची चार्जर, १९७० ची चॅलेंजर आणि ४२६ घनइंची, सुमारे सात लिटरचे 'हेमी' इंजिन यांनी डॉजला आजची ओळख दिली, हे खरेच आहे. १९६९ ची चार्जर डेटोना पुढे टोकदार नाक आणि मागे उंच पंख लावून शर्यतीसाठी बनवली होती; मार्च १९७० मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकर यांनी तिच्यात ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली. यंत्रकाम म्हणून मला त्याचे कौतुकच आहे. पण त्याच कंपनीने १९७६ मध्ये अ‍ॅस्पेन नावाची घरगुती गाडी घाईघाईने बाजारात आणली, तिचे मडगार्ड दोन-चार हिवाळ्यांत गंजले आणि दुरुस्तीसाठी ती पुन्हा पुन्हा परत बोलवावी लागली. ज्यांनी पोलादी बॉडीने नाव कमावले त्यांच्याच नावावर गंजाचा डाग लागावा, हे वाचताना आजही वाईट वाटते. क्रायस्लर बुडता बुडता वाचली ती सरकारने १५० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिल्यामुळे, आणि त्या कर्जाची फेड १९८३ मध्ये मुदतीच्या कितीतरी आधी झाली. त्यानंतर आलेल्या कॅरव्हान या व्हॅनने लाखो कुटुंबांची सोय केली, पण तिचे पोस्टर कोणी भिंतीवर लावत नाही.

अलीकडे, २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, जे. डी. पॉवर या संस्थेच्या नव्या गाड्यांच्या पाहणीत डॉज पहिल्या क्रमांकावर होती. ही पाहणी मालकीच्या पहिल्या ९० दिवसांतील तक्रारींची असते. ९० दिवस ही चांगली सुरुवात आहे. डॉज बंधूंच्या डोळ्यांपुढचा भरवसा मात्र वर्षांत मोजायचा होता.

हॅमट्रॅमकचा तो कारखाना, ज्याला तिथले लोक 'डॉज मेन' म्हणत, जानेवारी १९८० मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी जमीनदोस्त केला गेला. पोलंडहून आलेल्या कुटुंबांच्या पिढ्या तिथे राबल्या होत्या. १९३७ मध्ये कामगारांनी कारखान्यात ठाण मांडून युनियनची मान्यता मिळवण्यासाठी संप केला होता, आणि १९६८ मध्ये लाइनचा वेग वाढवण्याविरुद्ध व वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीय कामगारांनी तिथेच वेगळी संघटना उभी केली होती. त्या जागेवर जनरल मोटर्सचा कारखाना आला, त्यासाठी शेजारची वस्तीही उठवली गेली.

माझ्या दोन विनंत्या आहेत. लेखासोबतच्या फोर्डच्या १९०३ च्या गाडीच्या छायाचित्राखाली, तिचे इंजिन, गिअरबॉक्स व अ‍ॅक्सल डॉज बंधूंच्या वर्कशॉपमधील आहेत, ही ओळ पुढील अंकात दुरुस्ती म्हणून छापावी. आणि कुर्ल्यात डॉज-फार्गोवर हात चालवलेले जे कामगार आज आपल्यात आहेत त्यांना आठवणी पाठवण्याचे आवाहन करावे. ते आता ऐंशी-नव्वदीत आहेत. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कारागीर,
चिंचवड, पुणे